पाच पाउंडी मधाचा जग: तीन स्टार, त्यातला एक झाकणाला

आधी स्टार सांगून टाकते. पाचपैकी तीन. एक चवीला, एक किमतीला आणि एक झाकणाला. लेबलला शून्य, आणि खरं सांगायचं तर हा सगळा रिव्ह्यू त्या शून्याबद्दलच आहे, त्यामुळे ज्यांना फक्त गोड आहे का एवढंच विचारायचंय त्यांनी इथेच थांबा, हो, गोड आहे.

वस्तू अशी. आम्ही राहतो ह्यूस्टनला, आणि इथल्या त्या गोडाऊनसारख्या होलसेल दुकानात, जिथे टूथपेस्ट घ्यायला जावं आणि कयाक बघत परत यावं, तिथे हा मध मिळतो. पाच पाउंड, म्हणजे सव्वादोन किलोच्या थोडा वर, पारदर्शक प्लास्टिकचा जग, बाजूला हात घालायला कान. मला पडला अठरा डॉलरला. दोन वर्षं हाच आणतेय आणि दोन वर्षांत त्याच्या पाठीमागे काय लिहिलंय ते मी एकदाही वाचलं नव्हतं, आणि हे लिहिताना मला जरा लाजच वाटतेय, कारण माझी नोकरीच पाठीमागचं वाचायची आहे. बेकऱ्यांना कच्चा माल पुरवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. साखर, लोणी, सुकामेवा, आणि मध. ऑफिसात मधाचा कागद नसेल तर ड्रम आत घेऊ देत नाही मी आणि घरी मात्र जग ट्रॉलीत टाकला की विषय संपला!

वाचायला लावलं आईने. ती बाळंतपणासाठी आली मार्चमध्ये. मेढ्याची आहे, आजोळ महाबळेश्वरच्या वरच्या अंगाला, त्यामुळे मध म्हणलं की तिचे निकष वेगळेच असतात. सातेरी माशांचा मध वेगळा, आग्या माशांचा वेगळा, जांभळाचा काळसर आणि शेवटी किंचित कडवट लागणारा, कारवी फुलली की त्या वर्षीचा खास, आणि बाजारातला घ्यायचाच तर महाबळेश्वरच्या सोसायटीचा मधुसागर, त्याच्यापुढे तिच्या यादीत काही नाही. तिने आमचा जग उजेडात धरला, हलवला, आणि म्हणाली, "हा एवढा सारखा कसा गं? मार्चचा आणि दसऱ्याचा मध एकाच रंगाचा असतो का कधी?"

मी हसले. पण प्रश्न बरोबर होता, अगदी मुद्द्याचा.

मग तिने तिच्या टेस्ट सुरू केल्या. ग्लासभर पाण्यात थेंब सोडला, तो सरळ तळाला गेला. पास. काडेपेटीची काडी मधात बुडवून पेटवली, पेटली (स्मोक अलार्म पण पेटला, बाळ उठलं, तो भाग सोडा). पास. टिश्यूवर थेंब ठेवला, पसरला नाही. पास. कुत्रं खऱ्या मधाला तोंड लावत नाही म्हणतात म्हणून शेजाऱ्यांच्या लॅब्राडोरला चाटवायचं म्हणत होती, मी हात धरला, तो लॅब्राडोर खुर्चीसुद्धा खातो, त्याच्या मताला काही किंमत नाही.

आता ही गोष्ट मी आईला तीन वेळा समजावली आणि इथे चौथ्यांदा लिहितेय. या सगळ्या घरगुती टेस्ट फक्त एकच सांगतात, माल घट्ट आहे का आणि पाणी कमी आहे का. साखरेचा पाक मधाएवढा घट्ट केला तर तोही तळाला जातो, त्यात बुडवलेली काडीही पेटते, टिश्यूवर तोही पसरत नाही. आणि उलट, आपला सह्याद्रीतला सातेरीचा अस्सल मध बऱ्याचदा पातळ असतो, त्यात पाणी जास्त असतं, तो बिचारा या टेस्टमध्ये नापास होईल. मध गोठला, दाणे धरले, की साखर घातलीय म्हणणाऱ्यांचं पण तेच. दाणे धरणं हे मधातल्या दोन साखरांच्या प्रमाणावर आहे, ग्लुकोज जास्त असेल तर लवकर गोठतो, मोहरीच्या फुलांचा मध तर तुपासारखा गोठतो, आणि उत्तर भारतातून जो मध इकडे येतो त्यात मोहरीचा भरपूर असतो. लोक गोठलेला मध फेकतात आणि कधीच न गोठणारा कौतुकाने ठेवतात!

तर पाठीमागचं लेबल. मोठ्या अक्षरात "यूएस ग्रेड ए", बारीक अक्षरात देशांची नावं. अर्जेंटिना, ब्राझील, इंडिया, व्हिएतनाम, उरुग्वे, आणि त्यात पण मजा अशी की "यांपैकी एक किंवा अधिक" असं लिहिलेलं. म्हणजे पाचातला कुठला, किती, काही कळायला मार्ग नाही. लग्नपत्रिकेवर "आमचे येथे श्रीकृपेकरून" लिहून नवऱ्या मुलाच्या जागी पाच नावं छापल्यासारखं आहे हे.

आणि ग्रेड ए म्हणजे काय हे ऐकाल तर हसाल. त्यात बघतात मधात पाणी १८.६ टक्क्यांच्या वर नाही ना, चव बरी आहे ना, कचरा नाही ना, स्वच्छ दिसतो ना. तो मध आहे ना, हे त्या ग्रेडमध्ये कुणी तपासत नाही. शिवाय ग्रेड लावायला सरकारी माणूस येऊन बघावा लागतो असंही नाही, भरणारा स्वतःच लावतो. अमेरिकेत मधाची केंद्र सरकारने बांधून दिलेली सक्तीची व्याख्याच नाही, म्हणजे चीज कशाला म्हणायचं याचे नियम पानंच्या पानं आहेत आणि मधाला एक मार्गदर्शक सूचना, २०१८ची, की बाबांनो पाक मिसळला असेल तर नुसतं "मध" लिहू नका. बाबांनो!

आता तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात, अठरा डॉलरचा तर मध. मग बेटाउनची गोष्ट ऐका, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे ते गाव, रिफायनऱ्यांच्या चिमण्या दिसतात तिथे.

झालं असं की २००१ला अमेरिकेने चिनी मधावर अँटी-डम्पिंग ड्युटी बसवली, कारण चीनचा मध इतका स्वस्त येत होता की इथले मधपाळ बुडायला लागले. ड्युटी पण साधीसुधी नाही, एका टप्प्यावर २२१ टक्क्यांपर्यंत. एवढी ड्युटी लावली की माल थांबत नाही, माल वळसा घालून येतो, हे आपल्याकडच्या जकात नाक्यावरच्या कुठल्याही ट्रक ड्रायव्हरने सांगितलं असतं. चिनी मध आधी तिसऱ्याच देशात जायचा, मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड, तैवान, दक्षिण कोरिया, भारत, रशिया, अगदी मंगोलिया, तिथे ड्रम बदलायचे, कागद बदलायचे, आणि मग तो मध "त्या" देशाचा म्हणून शिकागोच्या गोदामात. काही वेळा मध हा शब्दच काढून टाकायचे आणि दुसरंच काहीतरी गोड म्हणून आणायचे. जर्मनीतली एक जुनी व्यापारी कंपनी आणि तिचं शिकागो ऑफिस यात सापडलं, २०१०मध्ये फेडरल खटला उभा राहिला, जवळपास ८ कोटी डॉलरची ड्युटी बुडवल्याचा आरोप. आणि त्यात अँटिबायोटिक सापडलेला माल पण होता, तो परत पाठवायच्या ऐवजी कमी भावात विकलेला.

बेटाउन त्याच्या पुढच्या अंकात येतं. सरकारने एक एजंट पेरला. तो बेटाउनच्या मध कंपनीत खरेदी खात्याचा प्रमुख म्हणून काम करत होता, म्हणजे व्यापारी येऊन त्यालाच माल विकत होते! २०१३च्या फेब्रुवारीत प्रकरण जाहीर झालं, नाव "प्रोजेक्ट हनीगेट". बेटाउनची कंपनी आणि मिशिगनची ग्रोब फार्म्स, जी देशातल्या मोठ्यांपैकी एक होती, दोघींनी कबूल केलं की माल चिनी आहे हे माहीत असूनही घेतला, एकीने १० लाख डॉलर भरले, दुसरीने २० लाख, आणि या दुसऱ्या टप्प्यात बुडवलेली ड्युटी होती १८ कोटी डॉलरवर. ग्रोब त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. आणि संपलं का तर नाही, २०१६ला शिकागोत परत १९५ ड्रम पकडले, जवळपास ६० टन, कागदावर व्हिएतनाम, आत चीन.

मी आईला हे सगळं भांडी पुसता पुसता सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे दुधात पाणी घालणारा गवळी इथेही आहे की." मग थोडं थांबून, "पण आमच्या गवळ्याला निदान तोंडावर विचारता यायचं."

बरं, मग माल कुठला हे ओळखायचं कसं, तर परागकणांवरून. मधात माशीच्या अंगाला लागून आलेले परागकण असतात, आणि कुठल्या फुलाचे ते मायक्रोस्कोपखाली दिसतं, म्हणजे मोहरी आहे की निलगिरी की लिची, त्यावरून मुलूख कळतो. आमच्या टेक्सासमध्येच, टेक्सास ए अँड एम विद्यापीठात, व्हॉन ब्रायंट नावाचे प्राध्यापक होते, हयात गेली परागकण मोजण्यात. २०११ला त्यांनी साठेक दुकानी बाटल्या तपासल्या, तीन चतुर्थांशांहून जास्त बाटल्यांमध्ये परागकण जवळजवळ नव्हतेच. गाळून काढलेले. केमिस्टच्या दुकानांतल्या सगळ्याच्या सगळ्या तशा, आणि फार्मर्स मार्केटच्या बाटल्यांत मात्र भरपूर.

बातमी फुटली तेव्हा इकडे बोंबाबोंब झाली की हा मधच नाही. ते काही बरोबर नव्हतं आणि हे मी सांगायलाच पाहिजे, कारण परागकण नाहीत म्हणजे मध खोटा असं होत नाही. मोठे पॅकर मध गरम करून बारीक गाळतात कारण गाळला की महिनोन्महिने गोठत नाही आणि गिऱ्हाईकाला तो काचेसारखा आरपार पाहिजे असतो. तो मधच असतो. फक्त त्याचा जन्मदाखला गेलेला असतो. म्हणजे चोराने बोटांचे ठसे पुसले तसं आणि गृहिणीने टेबल पुसलं तसं, दोन्हीकडे टेबल चकचकीतच दिसणार ना. आमचा जग चकचकीत आहे. आईच्या "एवढा सारखा कसा" ला उत्तर हे.

आता भेसळीच्या टेस्टकडे येते, हा माझा रोजचा भाग आहे म्हणून जरा लांबेल.

मधात पाक आहे का बघायची जुनी आणि सगळीकडे चालणारी टेस्ट कार्बनची. झाडं हवेतला कार्बन दोन पद्धतीने घेतात. ऊस, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी ही एक जात, सी-फोर म्हणतात. तांदूळ, गहू, बीट आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो, ही दुसरी जात, सी-थ्री. माशा ज्या फुलांवर जातात ती बहुतेक सगळी दुसऱ्या जातीची. दोन्ही जातींच्या साखरेत जड कार्बनचं प्रमाण वेगळं असतं, मशीनला ते कळतं, त्यामुळे मधात उसाचा किंवा मक्याचा पाक घातला तर सापडतो, साधारण ७ टक्क्यांच्या वर असेल तर. मी नव्या मुलींना असं सांगते की ही टेस्ट भाकरीवाल्यांना पकडते, पण भात, पोळी आणि उपासाची खिचडी तिच्या नाकाखालून निघून जाते. (तांदळाच्या भाकरीचं विचारू नका, एका कोकणातल्या मुलीने विचारलंच होतं.)

कळलं ना पुढे काय झालं ते? पाक करणाऱ्यांनी तांदूळ घेतला, बीट घेतलं. टेस्ट बघून पाक बनवला, परीक्षेत काय येणार ते बघून अभ्यास करतात तसा. भारतात २०२०च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटने हेच उघड केलं. १३ ब्रँडचे २२ नमुने घेतले, आधी गुजरातच्या लॅबमध्ये आपल्या नियमांप्रमाणे तपासले तर बहुतेक मोठे ब्रँड पास, आणि तेच जर्मनीतल्या लॅबमध्ये एनएमआरवर घातले तर १३पैकी १० ब्रँड नापास. त्यांना पाक विकणारे चिनी व्यापारी पण सापडले, ते तर उघड जाहिरात करत होते, आमचा पाक सगळ्या टेस्ट पास करतो, नावच "ऑल पास". कंपन्यांनी अर्थात हे निकाल मान्य केले नाहीत.

एनएमआर म्हणजे काय तर एमआरआयचाच चुलतभाऊ समजा. मधाचा थेंब मोठ्या चुंबकात घालतात आणि त्यात जे जे आहे त्या सगळ्याचा एक आलेख मिळतो, मग तो आलेख हजारो खऱ्या मधांच्या आलेखांशी ताडून बघतात. भारी आहे, पण त्याचा जीव त्या संग्रहात आहे. संग्रहात जो मध नाही तो कितीही खरा असला तरी मशीनला संशयित वाटू शकतो, आणि एखाद्या डोंगरातल्या कारवीच्या मधाचा नमुना तिकडे जर्मनीत कोण नेऊन ठेवणार. यावर लॅबवाल्यांची आपसात भांडणं चालूच असतात.

यातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळीच. १ ऑगस्ट २०२०पासून भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या मधाला एनएमआर सक्तीची झाली. देशात विकायच्या मधाला त्या वेळी ती सक्ती नव्हती. म्हणजे आमच्या ऑफिसात राजस्थानचा ड्रम येतो त्याच्याबरोबर एनएमआरचा कागद असतो आणि पुण्यात माझ्या सासूबाई किराणावाल्याकडून आणतात त्या बाटलीबरोबर विश्वास. हे मी आईला सांगितलं नाही, नाहीतर ती इथून मधाचे जग नेत बसली असती.

ऑफिसची एक आठवण सांगते, नावं नाहीत. मध ५५ गॅलनच्या ड्रममधून येतो, एक ड्रम साधारण ६५० पाउंडांचा, आणि त्याच्याबरोबर सीओए, म्हणजे लॅबचा दाखला. मी नवी असताना एका ब्रोकरचा दाखला आला, एकदम देखणा. पाणी ठीक, एचएमएफ ठीक (मध फार तापवला किंवा जुना झाला की हे वाढतं), अँटिबायोटिक नाही, सी-फोर साखर नाही. सही केली. वर्षभराने सहज फोनवर विचारलं की तांदळाच्या पाकाची टेस्ट का नाही यात, तर तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या खरेदीच्या फॉर्मवर ती मागितलीच नव्हती." खोटं बोलला का? नाही. दाखल्यात काही चूक होती का? तीही नाही. जे विचारलं त्याचं उत्तर होतं ते. त्यानंतर आम्ही फॉर्म बदलला, आणि पुढच्या तिमाहीत त्या ब्रोकरचा भाव एकदम आमच्या बजेटच्या वर गेला, त्यातून काय समजायचं ते मी समजले.

म्हणून "लॅब टेस्टेड" असं जगावर छापलेलं असतं ना, या जगावर पण आहे, सोनेरी शिक्क्यात, त्याला मी काडीची किंमत देत नाही. कुठली टेस्ट? कुणी घेतली? कुठल्या ड्रमची? इथल्या अन्न खात्याने, एफडीएने, २०२१-२२मध्ये आयात मधाचे १४४ नमुने तपासले, १४ सदोष निघाले, म्हणजे १० टक्के. त्यानंतरच्या वर्षी १०७मध्ये ३. ऐकायला बरं वाटतं. पण टेस्ट कुठली तर कार्बनचीच, भाकरीवाली. युरोपने जवळपास त्याच काळात आयात मधाचे ३२० नमुने वेगवेगळ्या पद्धतींनी तपासले तर १४७ संशयित, म्हणजे ४६ टक्के, चीनचे ८९पैकी ६६, तुर्कस्तानचे १५पैकी १४, आणि ब्रिटनमधून आलेले दहाच्या दहा, जो बहुतेक दुसरीकडून आणून तिथे मिसळलेला असणार. दोन्ही आकडे खरे असतील. जाळं बारीक केलं की मासे जास्त, एवढंच. २०२५ला कोपनहेगनच्या जागतिक मधपाळ परिषदेत तर मधाची स्पर्धाच रद्द केली, कारण भेसळ नाही याची खात्री नीट करता येईना. मधपाळांच्या परिषदेत मधालाच बक्षीस नाही म्हणजे बघा.

आता या जगातला मध खोटा आहे का? माहिती नाही, आणि मी तसा आरोप करत नाहीये, म्हणून नाव पण लिहिलं नाही. बहुतेक खरा असावा, आणि खाल्ल्याने काही होतं असंही नाही, तांदळाचा पाक म्हणजे शेवटी साखरच. अँटिबायोटिकचा भाग वेगळा, क्लोरॅम्फेनिकॉल म्हणून एक आहे, चीनमध्ये पोळ्यांना रोग आला तेव्हा ते वापरलं गेलं, काही माणसांच्या रक्तावर त्याचा जिवावरचा परिणाम होतो, त्यावरून युरोपने २००२ला चीनचा मध बंद केला होता. आणि आपला पण केला होता बरं का, २०१०मध्ये, अँटिबायोटिक आणि शिशावरून, पुढच्या वर्षी बंदी उठवली. पण आज ती टेस्ट सगळे मागतात. पाकाने मरतो तो मधपाळ. माशीने वर्षभर राबून केलेल्या मालाला फॅक्टरीच्या पाकाशी भावात भांडावं लागतं आणि तिथे माशी कशी जिंकणार.

तुलनेला मी दुसरा मध आणला, शनिवारच्या बाजारातून, एका म्हाताऱ्या मधपाळाकडून, पाउंडाला चौदा डॉलर. म्हणजे याच्या जवळपास चौपट. गडद, थोडा मातकट वास, तळाला जरासा दाणा. आईने चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले, "हा जांभळाच्या जवळ जातो." मी त्याला विचारलं कुठल्या फुलाचा तर तो म्हणाला टॅलो. आता गंमत ऐका, टॅलो म्हणजे इथल्या किनाऱ्यावर माजलेलं झाड, मुळात चीनचं, इथे त्याला "चायनीज टॅलो" म्हणूनच ओळखतात, सरकार त्याला उपटा म्हणतं आणि मधपाळ त्याच्यावर जगतात. म्हणजे अस्सल टेक्सासचा, समोर बसलेल्या माणसाच्या पेटीतला मध, आणि फूल चिनी! कस्टमवाल्यांनी आता यावर ड्युटी लावावी.

त्याच्याकडे कुठलाही दाखला नव्हता. एनएमआर म्हणजे काय ते त्याला माहीतही नव्हतं. क्वालिटीची बाई म्हणून मी हा मध ऑफिसात घेऊ शकले नसते. पण मी विचारलं या वर्षी पाऊस लवकर आला त्याचं काय, तर तो वीस मिनिटं बोलत होता, कुठल्या पेट्या उडाल्या, कुठल्या राण्या बदलल्या, मागच्या वर्षीचा मध फिका का होता. जगाला मी काय विचारणार?

एक भाग मात्र दोन्ही मधांना सारखा आहे आणि तो इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं. आई आली तीच मुळी सोन्याची वळी घेऊन, बाळाला मधात सोनं उगाळून चाटवायचं, आणि पुढे गुटी पण मधातच. मी नाही म्हणलं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, कुठलाच, कारण त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या पोटात ते काही करत नाहीत पण बाळाच्या आतड्यात वाढून विष करतात. आणि हे भेसळीशी संबंधित नाही, शुद्धातला शुद्ध, डोंगरातला, आजोबांनी स्वतः पोळं काढून आणलेला मध असला तरी तेच. कुठलीही टेस्ट पास झालेला मध यात पास नाही. आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. "तुम्हा चौघांना चाटवलाय मी." हे वाक्य किती घरांत म्हणलं गेलं असेल. शेवटी बाळाच्या डॉक्टरने सांगितलं तेव्हा ऐकलं, लेकीचं क्वालिटीतलं ज्ञान तिथे चाललं नाही. या एका बाबतीत जगाच्या लेबलने काम केलंय, ठळक अक्षरात लिहिलंय की एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नका. त्यासाठी अर्धा स्टार द्यावा का असा विचार केला, पण मग साडेतीन होतात आणि लोकांना वाटतं शिफारस केली.

परत घेईन का? घेईन, खरं सांगते. केकमध्ये, चिकनच्या मसाल्यात, ग्रॅनोलात टॅलोचा मध घालायची माझी ऐपत नाही आणि तिथे त्याची चवही लागत नाही. पण लेबलवर एकच देश लिहिलेला दिसला तर चार डॉलर जास्त देऊन तो घेईन, कारण एक देश लिहिणाऱ्याला तो देश सिद्ध करायला लावता येतं, पाच लिहिणाऱ्याला काय पकडणार. युरोपने नवा नियम केलाय, २०२६च्या जूनपासून मिश्र मधावर देशांची नावं टक्केवारीसकट लिहायची. इकडे कधी येईल तेव्हा येईल.

आणि झाकणाचा स्टार. आई परत निघाली तेव्हा रिकामा जग धुऊन तिने बॅगेत टाकला. मी म्हणलं हे कशाला ओझं, तर म्हणाली झाकण बघ कसलं आहे, उलटा केला तरी थेंब गळत नाही, तिकडे मेढ्याला गोडेतेलाला होईल. दोन वर्षांत आमच्याकडे एकदाही गळला नाही हे खरं आहे. आता तो तिच्या ओट्यावर आहे, व्हिडिओ कॉलवर दिसतो मागे, आत शेंगदाण्याचं तेल, बाहेर अजून तो सोनेरी लॅब टेस्टेडचा शिक्का.